पाय सुटायला हवा

आमच्या घरात सायकल ही काही नवलाची वस्तू नाही. अब्बांचं उदगीरमध्ये सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याचा एक छोटा गाळा, दारात पंक्चर बघायला पाण्याने भरलेलं घमेलं, छताला टांगलेल्या जुन्या ट्यूबा आणि बाहेर ओळीने लावलेल्या तासावर भाड्याने द्यायच्या सायकली. शाळा सुटली की मी तिथेच असायचो. छर्रे रॉकेलमध्ये धुणं, कॉटर पिन ठोकून बसवणं, चाकाचा आउट काढणं, ही कामं मी दहावीच्या आधीच शिकलो. पुढे घराघरात मोटारसायकली आल्या, भाड्याच्या सायकली गंजल्या आणि एक दिवस अब्बांनी गाळा सोडला. पान्यांची लोखंडी पेटी मात्र घरी आणली. ती आजही त्यांच्या पलंगाखाली आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. शाळा जळकोटच्या बाजूला, घरापासून तेरा किलोमीटरवर. कितीतरी वर्षं मोटारसायकलनेच गेलो. छेचाळीसाव्या वर्षी रक्तातली साखर काठावर आली आणि डॉक्टरांनी सांगितलं, गोळी सुरू करायची नसेल तर शरीर हलवा. तेव्हा गिअरची एक साधी, सरळ हँडलची सायकल घेतली आणि आठवड्यातून चार दिवस तिच्यावर शाळेला जाऊ लागलो. जाऊन-येऊन सव्वीस किलोमीटर. अलहम्दुलिल्लाह, साखर काठावरून मागे सरली.

मग एका पावसाळ्यात संध्याकाळी परत येताना चढावर उभा राहून पायडल मारत होतो. बुटाचा तळ ओला होता. उजवा पाय सटकला आणि पायडलच्या कडेचे लोखंडी दात नडगीत घुसले. सात टाके पडले. पट्टी बांधलेला पाय बघून मुलांची अम्मी म्हणाली, “आता पुरे करा ही सायकल.” सायकल सोडायची म्हणजे पुन्हा गोळीच्या दारात जाऊन उभं राहायचं. मला ते नको होतं. पण तिची भीतीही खोटी नव्हती. पाय पुन्हा सटकला आणि मागून ट्रक आला तर काय, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

थोरला मुलगा पुण्यात शिकतो आणि रविवारी मित्रांबरोबर सायकलवर लांब जातो. फोनवर सगळं ऐकून तो म्हणाला, “अब्बू, तुम्ही क्लिपलेस पायडल लावा. पाय सटकायचा प्रश्नच संपेल.”

या नावाने आधी मला गोंधळात पाडलं. क्लिपलेस म्हणजे क्लिप नसलेलं. आणि काम काय, तर बूट पायडलला पकडून ठेवणं! उलगडा नंतर झाला. पूर्वी शर्यतीतले सायकलस्वार पायडलवर लोखंडी पिंजरा बसवत, त्यात बुटाचं टोक घालत आणि वरून चामड्याचा पट्टा आवळत. त्या पिंजऱ्याला टो-क्लिप म्हणत. १९८४ मध्ये लूक या फ्रेंच कंपनीने त्याला पर्याय आणला. ही कंपनी बर्फावरच्या स्कीला बूट अडकवायची साधनं बनवायची. स्की करणारा पडला की बूट आपोआप सुटतो, नाहीतर पाय मोडतो. तीच युक्ती त्यांनी सायकलच्या पायडलला लावली. बुटाच्या तळाला एक छोटा तुकडा बसवायचा, त्याला क्लीट म्हणतात. तो पायडलमधल्या स्प्रिंगच्या जबड्यात दाबला की बसतो आणि टाच बाहेर वळवली की सुटतो. पिंजरा गेला, क्लिप गेली, म्हणून क्लिपलेस. १९८५ मध्ये बर्नार्ड हिनॉल्टने याच पायडलवर टूर द फ्रान्स जिंकली आणि जगाचा विश्वास बसला. १९९० मध्ये जपानच्या शिमानो कंपनीने एसपीडी हा प्रकार आणला. त्याची क्लीट लहान, लोखंडी आणि बुटाच्या तळात खोलवर बसणारी असल्यामुळे तो बूट घालून माणूस चालूही शकतो.

आपल्याकडेही या खेळात मोठी माणसं झाली आहेत. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये जोडीने अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. २०१७ मध्ये नाशिकचे श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्याने पूर्ण केली. जवळपास पाच हजार किलोमीटर अंतर. त्यांच्यासाठी अशी पायडलं गरजेची, हे मला कळत होतं. माझा प्रश्न एवढाच होता की तेरा किलोमीटरवरच्या शाळेत जाणाऱ्या मास्तरला ती हवीत का, आणि हवी असतील तर कोणती परवडतील?

मी आठवडाभर किमती बघितल्या. एक जोडी मोठ्या सवलतीत मिळत होती. दिसायलाही झोकदार, शर्यतीच्या सायकलींना असते तशी. मी जवळजवळ पैसे भरलेच होते. मुलगा म्हणाला, “अब्बू, ती तीन स्क्रूची आहेत. तुमच्या कामाची नाहीत.”

हा फरक प्रत्येकाने आधी समजून घ्यावा. तीन स्क्रूच्या प्रकारात क्लीट मोठी, प्लास्टिकची आणि बुटाच्या तळातून बाहेर आलेली असते. दाब पसरून पडतो, तासन्‌तास सायकल चालवणाऱ्याला ते सोयीचं. शिमानोच्या या प्रकारात क्लीटचे रंगही वेगवेगळे: पिवळ्या क्लीटमध्ये बूट सहा अंश हलायची मोकळीक, निळ्यात दोन अंश, लालमध्ये मुळीच नाही. पण हे बूट घालून चालायचं म्हटलं की माणूस बदकासारखा डुलतो आणि प्लास्टिक लवकर झिजतं. दोन स्क्रूच्या एसपीडीत हा त्रास नाही.

मी मनात माझा एक दिवस चालून बघितला. शाळेच्या फाटकापासून वर्गापर्यंत मुरमाचा रस्ता. परतताना गावाच्या कडेच्या मशिदीत असरसाठी थांबणं. तिच्या पायऱ्या शहाबादी फरशीच्या, आणि वजूच्या जागेजवळ त्या कायम ओल्या. तिथे प्लास्टिकची क्लीट म्हणजे साबणावर पाय. शिवाय जमात उभी राहत असताना मी बुटाच्या नाड्या सोडत बसायचं का? म्हणजे बूट दोन स्क्रूचा, तळ रबराचा, क्लीट आत दडलेली आणि वर नाडीऐवजी चिकटपट्टी. नाडी नसली तर ती साखळीत अडकायचीही भीती नाही. सवलतीतली जोडी मनातून उतरली.

मग मुलांच्या अम्मीने एक प्रश्न विचारला, जो मला किंवा मुलाला सुचला नव्हता. “आणि सकाळी दूध आणायला जाताना? तेव्हाही ते बूट घालणार का?”

दोन स्क्रूच्या प्रकारात सगळ्यात जास्त नाव ऐकू येतं ते शिमानोच्या एम-५२० चं. जोडी ३८० ग्रॅमची, मजबूत, आणि चांगल्या पायडलांत स्वस्त. पण त्याला दोन्ही बाजूंनी जबडाच असतो. चप्पल घालून त्यावर पाय ठेवला की मधला लोखंडी तुकडा तळव्याला टोचतो आणि पाय घसरतो. म्हणजे ज्या घसरण्यापासून पळायचं, तेच पुन्हा. याच कुळात एक वेगळी जात आहे: एका बाजूला जबडा, दुसऱ्या बाजूला साधं सपाट पायडल. वजनाने जड, दिसायला ओबडधोबड. पण शाळेच्या वाटेवर बूट अडकवता येतो आणि दुधाला जाताना चप्पलही चालते. ज्याच्या घरात एकच सायकल आहे आणि ती सगळ्या कामांना लागते, त्याने याच जातीचा विचार करावा.

नवी घ्यायची तर ती महाग पडत होती. लातूरच्या एका सायकलवाल्याने शर्यतीची पायडलं लावली होती आणि आपली जुनी एक-बाजू-सपाट जोडी काढून टाकली होती. ती मला बाराशेला मिळाली. जुनी पायडलं घ्यायला हरकत नाही, फक्त तीन गोष्टी तपासाव्यात. एक, दांडा बोटांनी फिरवून बघावा, खरखर लागू नये आणि हलवला तर खडखडू नये. दोन, आटे स्वच्छ असावेत. तीन, जबड्याची कड झिजून गोल झालेली नसावी. क्लीट मात्र कधीही दुसऱ्याची वापरलेली घेऊ नये. झिजलेली क्लीट नको तेव्हा सुटते आणि हवी तेव्हा अडकते. नवी क्लीट मला नऊशेला पडली. बूट तीन हजार दोनशेला. म्हणजे पायडलपेक्षा बुटालाच जास्त. ज्यांना या वाटेला जायचंय त्यांनी हिशेब बुटापासून सुरू करावा.

एकूण पाच हजार तीनशे. आमच्या घरात हा आकडा छोटा नाही. धाकटीच्या शिकवणीची फी समोर होती. दोन रात्री मी स्वतःला विचारत राहिलो, ही गरज की इस्राफ? मोटारसायकल नेली असती तर आठवड्याला सव्वादोनशेच्या आसपास पेट्रोल लागलं असतं. त्या हिशेबाने सहा महिन्यांत पैसे फिटतात. ज्याला चार किलोमीटरवर बाजारात जायचंय, त्याच्यासाठी मात्र हा खर्च उधळपट्टीच आहे. त्याने दात नीट असलेलं साधं रुंद पायडल आणि रबरी तळाचा बूट घ्यावा, एवढ्यात भागतं. आणि लहान मुलांच्या सायकलला तर हे मुळीच लावू नये.

खरा विरोध अब्बांचा होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. खोक्यातलं पायडल त्यांनी हातात घेतलं, अंगठ्याने जबडा दाबून बघितला आणि परत ठेवलं. “पाँव बांधके सैकल चलाना? नक्को रे बाबा.”

मी किंमत सांगितली, कंपनी सांगितली, टूर द फ्रान्स सांगितलं. ते ऐकत होते की नाही कोण जाणे. शेवटी एकच प्रश्न विचारला, “यातून पाय सुटतो कसा?”

मी टाच वळवायचं सांगितलं. “आणि वळवायला वेळच मिळाला नाही तर?”

मी गप्प बसलो. महिनाभर मी किंमत, वजन, स्क्रू, रंग सगळं विचारलं होतं. हे नव्हतं विचारलं. रात्री मुलाला फोन लावला. तो म्हणाला, क्लीट दोन जातींच्या असतात. नेहमीची एसएच-५१, ती टाच बाजूला वळवली तरच सुटते. दुसरी एसएच-५६, तिच्यावर इंग्रजी ‘एम’ अक्षर कोरलेलं असतं. ती घाईत पाय तिरका वर उपटला तरी सुटते. शर्यतवाले ती घेत नाहीत, कारण जोरात ओढलं तर नको तेव्हाही सुटू शकते. मी दुसऱ्या दिवशी ‘एम’वालीच मागवली.

ती आली तेव्हा अब्बांनी न बोलता पलंगाखालची पेटी ओढली. पंधराचा पाना काढला. “ग्रीस आण,” म्हणाले. आट्यांना ग्रीस लावताना लहानपणीसारखंच मला विचारलं, “डावं कुणीकडे फिरतं?” डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. बसवतानाही पाना पुढच्या चाकाकडेच फिरतो. सरळ समजून जोर लावला तर क्रँक कायमचा खराब होतो. “उलटं, अब्बा,” मी म्हणालो. त्यांनी मान हलवली.

मग पाना फिरवता फिरवता त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी मी आजवर कधी ऐकली नव्हती.

दुकानाच्या सुरुवातीच्या काळात एक दूधवाला त्यांच्याकडे यायचा. लहानपणी पोलिओ झालेला, डावा पाय बारीक. तो पाय पायडलवर टिकायचा नाही. अब्बांनी एक युक्ती केली. पायडलला जुनी चप्पल बोल्टने आवळली आणि वरून ट्यूबच्या रबराचा पट्टा बसवला. माणूस खूश. दोन्ही बाजूंना दुधाच्या बरण्या अडकवून ऐटीत फिरू लागला. एक दिवस स्टेशनच्या रस्त्याला समोर बैल आडवा आला. त्याने ब्रेक मारला, सायकल डावीकडे कलंडली, पाय पट्ट्यातून निघालाच नाही. हात मोडला. दोन महिने त्याचं घर बसलं.

“मी बांधायचं बघितलं,” अब्बा म्हणाले. “सोडायचं नाही बघितलं. तो बिचारा शेवटपर्यंत मला एक शब्द बोलला नाही.”

पायडल बसलं होतं. अब्बा तरीही पाना धरूनच बसले होते.

पुढची कामं आम्ही दोघांनी मिळून केली. तळपायाचा पंजाजवळचा रुंद भाग असतो, त्याच्या खाली किंचित मागे क्लीट बसवली. बूट नैसर्गिकपणे जसा पडतो तसाच कोन ठेवला, कारण कोन चुकला तर आठवड्यात गुडघा बोलू लागतो. जबड्याच्या स्प्रिंगला एक छोटा स्क्रू असतो, तीनच्या अ‍ॅलन कीने फिरणारा. तो वजा खुणेकडे पूर्ण सैल केला. नवशिक्याने हे विसरू नये. दुकानातून आलेलं पायडल आहे त्या घट्टपणावर कधीही वापरू नये.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर अब्बा स्वतःहून म्हणाले, “चल ईदगाहच्या मैदानावर.” तिथे त्यांनी माझ्या सायकलची सीट मागून धरली. मी सत्तेचाळीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस माझ्या मागे सीट धरून चालतोय! मी म्हणालो, “अब्बा, लोक बघतील.” ते म्हणाले, “बघू दे. तू टाच वळव.”

अडकव, चार पावलं जा, सोड. अडकव, जा, सोड. डाव्या पायाने पन्नास वेळा, उजव्याने पन्नास. आपल्याकडे वाहतूक डाव्या बाजूने चालते, म्हणून थांबताना डावा पाय आधी सोडायचा आणि अंग रस्त्याच्या कडेला झुकवायचं. ब्रेक मारल्यावर नाही, ब्रेक मारायच्या आधी सोडायचा. आठ दिवस आम्ही रोज सकाळी अर्धा तास हेच केलं. नवव्या दिवशी मागे वळून बघितलं तर अब्बा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभे होते. सीट कधी सोडली, मला कळलंच नाही.

तरीही मी पडलो. पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक जण एकदा पडतो म्हणतात. गावात शिरताना समोरचा टेम्पो अचानक थांबला. मी डावा पाय आधीच सोडला होता, पण खड्ड्याने सायकल उजवीकडे कलंडली. उजवा पाय अडकलेला. टाच वळवायचं सुचलंच नाही. घाबरून पाय वर उपटला, आणि तो सुटला. जमिनीवर मी आधी एका पायावर, मग कोपरावर आलो. कोपर खरचटलं, शर्ट फाटला, पानटपरीवरची दोन पोरं हसली. सायकल मात्र माझ्या अंगाखाली नव्हती.

घरी आल्यावर अब्बांनी कोपर बघितलं नाही. विचारलं, “पाय सुटला?”

“सुटला.”

“अल्हम्दुलिल्लाह,” म्हणाले आणि पेटी पलंगाखाली सारली.

या गोष्टीला आता दुसरा पावसाळा लागलाय. फायदा किती होतो, असं शाळेतले सहकारी विचारतात. खरं सांगतो, वेग फारसा वाढलेला नाही. पाय वर ओढल्याने मोठी ताकद मिळते असं म्हणतात, पण सपाट रस्त्यावर मला तसा फरक जाणवला नाही. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांतही एकसारख्या चालीत मुद्दाम पाय वर ओढण्याने श्रम वाचतात असं दिसलेलं नाही. मला मिळालं ते वेगळंच. ओल्या चढावर उभा राहिलो तरी पाय जागचा हलत नाही. नडगीवर जुनीच खूण आहे, नवी नाही. मुलांची अम्मी आता सायकल बंद करा म्हणत नाही. मी निघताना फक्त बुटाकडे एक नजर टाकते.

आपल्या भागातली काळी माती हा एक वेगळा विषय. पावसात शाळेच्या आवारात दोन पावलं चाललो तरी क्लीटभोवती चिखलाचा गोळा बसतो. मग ती जबड्यात बसत नाही, किंवा बसली तर सुटायला कुरकुर करते. मी पिशवीत बोटाएवढी बांबूची काडी ठेवतो. सायकलवर बसण्याआधी क्लीट खरवडायची आणि जागेवरच एकदा अडकवून सोडून बघायची. जास्तच चिखल असला तर सरळ सपाट बाजू वर करून घरी यायचं. एक बाजू सपाट घेतल्याचा फायदा त्या दिवशी कळतो.

क्लीटचे स्क्रू चालून चालून सैल होतात. बुटावरचा एक स्क्रू निघाला तर टाच वळते पण क्लीट जबड्यातच राहते, पाय सुटत नाही. म्हणून दर शुक्रवारी जुम्याला निघायच्या आधी अब्बा माझे बूट ओसरीवर उलटे ठेवतात, चष्मा लावतात आणि चारची अ‍ॅलन की घेऊन चारही स्क्रू तपासतात. हात आता थोडे थरथरतात, की खाचेत बसायला वेळ लागतो. मी करतो म्हटलं तर देत नाहीत.

मीही आता आग्रह धरत नाही. शेजारी बसतो आणि त्यांचं होईपर्यंत थांबतो.